डाळीनं फेडलेलं सॉफ्टवेअर

राळेगावच्या ताईंच्या मोठ्या मुलीचं नाव यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजच्या यादीत लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई पांढरकवड्याला माझ्या दुकानात आल्या आणि उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "भाऊ, डाळीचं बिल बनते का?"

मी विचारलं, कोणत्या डाळीचं?

"भाईच्या घरी देल्ली ते. पोतं."

मुलीच्या प्रवेशाचा आणि त्या पोत्याचा संबंध समजायला मला पाऊण तास लागला. तो इथं आधीच सांगितलेला बरा.

यवतमाळच्या एका दैनिकाच्या डेस्कवरची नोकरी संपल्यावर मी पांढरकवड्यात पत्रिका, बिलबुकं आणि शाळांची स्नेहसंमेलनाची पत्रकं करून देण्याचं दुकान टाकलं होतं. एसटी स्टँडजवळ भाईंचा फोटो स्टुडिओ होता, मागच्या बाजूला त्यांच्या भावांचं गॅरेज. ताईंचं दुकान राळेगावात: फॉर्मला लावायचे फोटो, लग्नपत्रिका, छोटे फ्लेक्स. त्यांच्या घरची शेती कोरडवाहू. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. शेत नवरा पाहायचा, दुकान त्या पाहायच्या. आम्हा तिघांचा धंदा एकाच सॉफ्टवेअरवर चाले. फोटो साफ करायचे तेही त्याच्यावर आणि पत्रिका मांडायची तीही त्याच्यावर.

पूर्वी हे सॉफ्टवेअर सीडीवर मिळे. नागपूरहून कुणीतरी आणे, सगळ्यांच्या संगणकांत ते चढे आणि संगणक मरेपर्यंत चाले. त्याचा खर्च कुणी हिशेबात धरत नसे, कारण खर्च नसेच. मग कंपन्यांनी सीडी बंद केली आणि महिन्याचं भाडं लावलं. जुनी कॉपी काही दिवस चालली. पुढं नागपूरचे छपाईवाले जुन्या फाइली परत पाठवायला लागले आणि पर्याय उरला नाही. त्यात भर पडली अक्षरांच्या फॉन्टच्या भाड्याची, तयार चित्रांच्या संकेतस्थळाच्या वर्गणीची आणि अल्बमच्या जड फाइली ऑनलाइन साठवण्याच्या जागेची. हे सगळं एका छोट्या दुकानाला झेपणारं नव्हतं. तिघांत मिळून झेपत होतं.

परदेशी कंपनीला पैसे जातील असं कार्ड तेव्हा आमच्यापैकी फक्त भाईंकडे होतं. म्हणून खातं त्यांच्या नावावर उघडलं. पैसे त्यांच्या कार्डावरून जात, बिल त्यांच्या मेलवर येई, पासवर्ड तिघांकडे. हे खातं एका वेळी दोनच संगणकांवर चाले. तिसऱ्यानं उघडलं की आधीच्या दोघांपैकी एकाला बाहेर पडावं लागे. त्यामुळं लग्नसराईत आमचे फोन असे चालत:

"पत्रकार, निघा ना बाहेर. नवरी माही अर्धी गोरी होऊन थांबली हाये."

"भाई, माझी पत्रिका प्रेसला जायची आहे. ताईंना सांगा."

"ताईले कसं सांगू? त्यायच्याकडे आमदाराचा वाढदिवस हाये."

"मग नवरीला सावळीच राहू द्या."

"तिची सासू पैसे देईन का मंग?"

वर्गणीचा हिस्सा फेडायची प्रत्येकाची रीत वेगळी होती. भाईंच्या अल्बमवरचा मजकूर, त्यांची बिलबुकं, पाट्या मी करून देत असे. माझा हिस्सा त्यात वळता व्हायचा. ताई पहिल्या वर्षी रोख देत. मग गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. बोंडं वरून हिरवी दिसत आणि आत सरकी किडलेली निघे. आमच्याकडे पत्रिकेचे पैसे "कापूस निघाला की देतो" या बोलीवर असतात. त्या वर्षी कापूस निघालाच नाही, आणि निघाला तो जिनिंगवाला हातात घेऊन परत करत होता. ताईंच्या दुकानात काम होतं, पण गल्ला रिकामा. त्यांनी भाईंना फोन करून सांगितलं, की मला खात्यातून काढा.

भाई म्हणाले, "काढाची गोष्ट नका करू. तुमच्या वावरात तूर झाली ना?"

"तूर झाली."

"मंग डाळ पाठवा. आमच्या घरी चार भाऊ अन् चूल एक. पैशाची डाळच आनतो ना मी तरी?"

ताईंनी तूर गिरणीतून भरडून आणली आणि डाळीचं एक पोतं जीपवर टाकून पांढरकवड्याला पाठवलं. वर्षाचा हिस्सा फिटला. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

पुढं ताईंनी आयकराचं रिटर्न भरलं. बिलांची पिशवी घेऊन त्या पांढरकवड्याच्या करसल्लागारांकडे गेल्या. ते कोर्टात जात नसत, पण सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. त्यांच्या मदतनिसानं पिशवीत जे निघालं ते खर्चात लिहिलं: कागद, शाई, फ्लेक्सचे रोल, वीज, दुकानभाडं, मशीनची दुरुस्ती. सॉफ्टवेअरचं बिल पिशवीत नव्हतं. त्यामुळं ते वजा झालं नाही. नफा तेवढा जास्त दिसला.

एरवी याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण मुलीच्या फीमध्ये सवलत मिळायची तर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागत होता, आणि दाखल्यावरचं उत्पन्न एका मर्यादेच्या आत हवं होतं. दाखल्यात ताईंचं रिटर्न आणि तलाठ्यानं धरलेलं शेतीचं उत्पन्न, दोन्हींची बेरीज होते. राळेगावच्या सेवा केंद्रातल्या माणसानं बेरीज करून सांगितलं, "ताई, बसत नाही." जेवढ्यानं बसत नव्हतं, ती रक्कम ताईंच्या सॉफ्टवेअरच्या हिश्शापेक्षा कमी होती. म्हणजे तो हिस्सा खर्चात धरला गेला असता, तर मुलगी मर्यादेत बसत होती. पूर्ण फी भरण्याची घरची ताकद नव्हती. कागद जमा करायला एक आठवडा होता.

इथपर्यंत ऐकल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आम्ही वकीलसाहेबांकडे गेलो.

त्यांचं कार्यालय एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यातच कीटकनाशकाचा वास सुरू होई. साहेबांनी ताईंचं रिटर्न संगणकावर उघडलं.

"सॉफ्टवेअर धंद्यासाठीच वापरता?"

"त्याच्याबिगर पत्रिका होतच नाही साहेब."

"मग तो खर्च आहे, वजा होतो. महिन्याचं भाडं असो की ऑनलाइन वर्गणी, धंद्याची असली म्हणजे झालं. बिल दाखवा."

"बिल भाईच्या नावावर हाये."

"हरकत नाही, तुमचा हिस्सा दाखवा. पैसे कसे दिले? खात्यातून?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"डाळ देल्ली," ताई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "काय दिली?"

"तुरीची डाळ. पोतं."

"बकरीच्या बदल्यात मोटारसायकल घेतलेला पक्षकार आहे माझ्याकडे," साहेब म्हणाले. "डाळीच्या बदल्यात सॉफ्टवेअर पहिल्यांदाच आलं."

ताई हसल्या नाहीत. साहेबही लगेच गंभीर झाले आणि एकेक गोष्ट सांगू लागले. वस्तूच्या रूपात दिलेलं मोल हेही मोलच. त्या वेळच्या बाजारभावानं डाळीची किंमत धरता येईल, आणि भाईंनी लिहून दिलं तर खर्च दाखवता येईल. रिटर्न सुधारता येतं, त्याची मुदत गेलेली नाही. मात्र भाईंचं रिटर्नही त्यांच्याच कार्यालयातून गेलं होतं आणि त्यात वर्गणीचं अख्खं बिल भाईंचा खर्च म्हणून वजा झालं होतं.

"एकच खर्च दोन घरांत वजा होत नाही. भाईंना त्यांचं रिटर्न सुधारावं लागेल. तुमचे दोघांचे हिस्से त्यांच्या खर्चातून निघतील."

"माझा हिस्सा मी कुठंच दाखवलेला नाही," मी म्हणालो.

"तुम्ही दाखवला नाही हा तुमचा प्रश्न. भाईंना तुमच्याकडून मिळाला, हा त्यांचा." साहेब ताईंकडे वळले. "दुसरी अडचण मोठी आहे. डाळ कुठली?"

"आमच्या वावरातली."

"म्हणजे शेतीचं उत्पन्न. आयकरात त्याच्यावर कर नाही, पण तहसीलच्या दाखल्यात ते धरतात. इथं तुम्ही डाळ खर्चात लिहिलीत आणि तिथं तीच डाळ शेतीच्या उत्पन्नात चढली, तर इकडून काढलं ते तिकडून भरलं. बेरीज आहे तिथंच राहील. तलाठ्यानं शेतीचं काय धरलंय ते आधी पाहून या."

जिना उतरताना ताई म्हणाल्या, "म्हणजे दोन जनायले इचाराचं. अन् दोघायनं हो म्हटलं तरच."

स्टुडिओत भाई एका म्हाताऱ्याचा पासपोर्ट फोटो काढत होते. म्हातारा डोळे मिटत होता. तो गेल्यावर आम्ही सगळं सांगितलं. भाईंनी स्टुडिओचा पंखा बंद केला. नीट ऐकायचं असलं की ते पंखा बंद करत.

"पत्रकार, तुमी माह्यासंग बसून चहा पेता, अन् मलेच कागदात अडकवता?"

"अडकवत नाही, भाई. सुधारायचं आहे."

"सुधारलं म्हणजे पहिले चुकलतं असं झालं ना? माह्या मोठ्या भावाले गॅरेजच्या जीएसटीची एक नोटीस आलती. चूक त्याची नव्हती, तरी यवतमाळच्या चकरा मारून मारून त्याचं बीपी वाढलं. आमच्या घरी आता कुरिअरवाला दिसला तरी पोट्टे आत पयतात."

मग त्यांनी मला संगणकासमोर बसवलं. सॉफ्टवेअर कंपनीचे नियम इंग्रजीत होते. ते त्यांनी कधी वाचले नव्हते. मी वाचून सांगितले. खातं एका व्यक्तीच्या वापरासाठी होतं. दुसऱ्याला वापरू देता येत नव्हतं.

"म्हणजे आपन तिघं चोर हाओत?"

"करार मोडणारे."

"फरक काय?"

"चोराला पोलीस धरतात. आपलं खातं बंद होईल."

"हे लहान हाये का?" भाईंचा आवाज चढला. "त्या खात्यात माह्ये सगळे अल्बम पडले हायेत. दिवाळीनंतर लग्नं हायेत. उद्या मी सरकारी कागदावर लिहून देऊ का हे खातं तिघं वापरत होतो म्हणून? कंपनीनं पाह्यलं तं?"

आयकराचा कागद कंपनीपर्यंत जात नाही, हे मी सांगितलं. ते खरं होतं, पण त्यांना ते पटलं नाही. ज्या माणसाच्या घरात एका नोटिशीनं वर्षभर मुक्काम केला आहे, त्याला सगळे कागद एकमेकांना ओळखतात असंच वाटतं. ताई खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. पिशवी मांडीवर. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही.

स्टुडिओच्या मागच्या दारात पडदा होता, त्यापलीकडे घर. तिथून भाईंच्या आईचा आवाज आला.

"सालभर उसके घर की दाल खाई, तब कागज नहीं पूछा. अब बच्ची का दाखिला है तो इनको कानून याद आ रहा!"

"अम्मी, तुम्हाले समजत नाही ते."

"दाल तो समजती ना? पकाई मैंने."

भाईंनी पंखा पुन्हा सुरू केला. मग ताईंना म्हणाले, "ताई, माह्याकडून करून देतो. पन पहिले तलाठ्याकडचं आना. तिकडंच अडलं तर मी माह्ये कागद फुकट कायले खराब करू?"

यात गैर काही नव्हतं. पण आठवड्यातला एक दिवस संपला होता.

राळेगावला दुसऱ्या दिवशी मीही गेलो. ताईंनी बोलावलं नव्हतं. पण रिटर्न, दाखला, मर्यादा हे शब्द तलाठ्यासमोर नीट मांडणारं कुणी असावं, असं मला वाटलं. स्टँडवर ताई आणि त्यांचे मालक, मुलीचे वडील, उभे होते. त्यांचं आधीच सुरू होतं.

"डाळीचं नाव काढू नको तिथं," ते म्हणत होते. "बोंडअळीच्या भरपाईचे पैसे यायचे हायेत अजून. पंचनाम्यात पीक बुडालं म्हणून लिहिलं. आता पोतंभर डाळ देल्ली म्हनशीन तं तो म्हनन, मंग बुडालं काय?"

"बुडाला कापूस. तूर कुठं बुडाली?"

"त्याले फरक करता येते का?"

"तलाठी हाये तो. त्याले नाही येनार तं कोनाले येनार?"

"अन् पैसे अडले तं?"

"मंग पोरीचं काय?"

मालक रस्त्यापलीकडे पाहत म्हणाले, "पोरीले म्हन, यंदा बीएस्सी कर. थे बी चांगलंच हाये."

"तुमीच सांगा तिले."

आम्ही तिघं तलाठ्याच्या कार्यालयाकडे निघालो. मालक आमच्या चार पावलं मागं चालत होते आणि कार्यालयाच्या पायरीपाशी थांबले. आत आले नाहीत.

तलाठी तरुण होता. टेबलावर पंचनाम्यांचे गठ्ठे होते आणि भिंतीला टेकून उभे असलेले शेतकरी. ताईंनी वाट पाहिली. पाळी आल्यावर मी तोंड उघडायच्या आत त्या बोलल्या.

"साहेब, आमच्या वावरात तूर झालती. तिची एक पोतं डाळ मी माह्या दुकानाच्या खर्चासाठी देल्ली. तुमच्या कागदात थे हाये का नाही?"

भिंतीशी उभा असलेला एकजण हसला. "बाप्पा! लोक झालेलं लपवतात, ह्या बाई झालेलं सांगून राह्यल्या."

तलाठ्यानं संशयानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"सोबत आलो आहे."

"वार्ताहर तर नाही ना?"

"होतो."

त्यानं खुर्ची थोडी मागं घेतली. पुढं तो प्रत्येक वाक्य तोलून बोलला. मला वाटलं, आपण आलो नसतो तर बरं झालं असतं. त्यानं ताईंच्या शेताची पीकपाहणी काढली. कपाशीच्या ठरावीक ओळींनंतर एक ओळ तुरीची, म्हणून कापूस आणि आंतरपीक तूर अशी नोंद होती. मग उत्पन्नाचा अहवाल काढला.

"पंचनामा कपाशीचा आहे. तुरीचा पंचनामा झालेलाच नाही, कारण तूर गेली नव्हती," तो म्हणाला. "आणि अहवालात मी तुरीचं उत्पन्न धरलेलं आहे. सगळ्या तुरीचं."

"म्हणजे डाळ आली त्याच्यात?"

"तूर आली म्हणजे डाळ आली. तुम्ही ती खाल्ली, विकली की कुणाला दिली, याच्याशी मला काही नाही. एकदा धरली. परत धरणार नाही."

"हे लिहून भेटन का?"

"अहवालात लिहिलेलंच आहे. जास्तीचं मी काही लिहिणार नाही." तो पुन्हा माझ्याकडे पाहून म्हणाला, "जे आहे तेवढंच."

तेवढं पुरेसं होतं. वकीलसाहेबांनी सांगितलेली दुसरी अडचण मुळात उरलीच नव्हती. डाळ तिकडे आधीच मोजली गेली होती, फक्त इकडे वजा व्हायची राहिली होती. बाहेर आल्यावर ताईंनी मालकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बोंडअळीचं?" ताई म्हणाल्या, "त्याले धक्का नाही." ते पायरीवर खाली बसले. मग उठून म्हणाले, वखर दुरुस्तीला टाकला आहे, आणि गेले.

भाईंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वकीलसाहेबांकडे आले, इस्त्रीचा शर्ट घालून, कोर्टात साक्षीला आल्यासारखे. वर्गणीतला ताईंचा हिस्सा त्यांना डाळीच्या रूपात मिळाला, असं त्यांनी लिहून दिलं. साहेबांनी "सही" म्हटल्यावर त्यांनी कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. माझा हिस्सा कामात वळता झाल्याचंही त्यात होतं. सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता नोटीस केव्हा येईन?"

"येणार नाही."

"भावालेबी असंच म्हटलतं."

त्यांचं सुधारित रिटर्न गेलं. ताईंचं अडलं. ताईंच्या आधारला मालकांचा मोबाइल जोडलेला होता. पडताळणीचा आकडा त्या मोबाइलवर येणार, मोबाइल मालकांच्या खिशात आणि मालक शेतात, जिथं रेंज बांधावर येते आणि चार पावलांवर जाते. पहिला आकडा पोचला तेव्हा त्याची वेळ संपली होती. दुसऱ्यांदा मालकांनी आकडा वाचला, पण आवाज तुटत होता. सहा की नऊ, हे कळेना. वकीलसाहेबांचा मदतनीस म्हणाला, की चुकीचा टाकला तर खातं काही काळ बंद होईल. ताईंनी फोन त्याच्या हातून घेतला आणि ओरडून विचारलं, "पाचाच्या पुढचा का आठाच्या पुढचा?"

"आठाच्या!"

नऊ होता. रिटर्न गेलं.

तहसीलला दाखल्याचा अर्ज पडला. तिथं ताईंना समोर बोलावलं, कारण एकाच वर्षाची दोन रिटर्नं जोडलेली होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, "पहिलं खोटं होतं का?"

ताई म्हणाल्या, "खोटं नाही साहेब. अपुरं होतं."

"काय राहिलं होतं?"

"सॉफ्टवेअरचा खर्च."

अधिकाऱ्यांनी भाईंचं लेखी पान वाचलं. डाळीच्या ओळीवर ते थांबले, पान उलटलं, परत त्याच ओळीवर आले. बाजूच्या कारकुनाला त्यांनी तलाठ्याचा अहवाल मागितला. तो येईपर्यंत ताई उभ्या होत्या. कुणी बसा म्हटलं नाही, आणि त्यांनाही सुचलं नाही. अहवाल आला, त्यांनी तूर हा शब्द शोधला, आकडा पाहिला आणि फाइल बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली. ती मंजूर झाली की नाकारली, हे सांगितलं नाही. "ऑनलाइन कळेल," म्हणाले.

दोन दिवस ताई दर थोड्या वेळानं फोनवर अर्जाची स्थिती पाहत होत्या. मधे मला फोन. "भाऊ, प्रक्रियेत म्हणजे काय हो? चांगलं असते का?" मी म्हणे, चांगलं-वाईट काही नसतं. पण मीही इकडं तोच क्रमांक टाकून पाहत होतो.

याच दोन दिवसांत भाईंनी आम्हा दोघांना सांगितलं, की महिना संपला की ते खात्याचा पासवर्ड बदलणार. रागानं नाही. अल्बम त्यांनी एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतले होते. "माह्याच्यानं आता झोप येत नाही," म्हणाले. मी एक लहानसं खातं माझ्या नावावर घेतलं. ताईंनी त्याहून स्वस्त, कमी सोयींचं घेतलं. त्यात फोटो साफ व्हायचे, मोठे फ्लेक्स जमायचे नाहीत, ते जुन्या सवयीनं तुकड्यांत करून जोडावे लागणार होते. पण बिल त्यांच्या नावाचं होतं आणि पैसे त्यांच्याच खात्यातून जाणार होते.

दाखला मुदतीच्या आदल्या दुपारी आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ताई आणि मुलगी यवतमाळला गेल्या. मला एका छपाईवाल्याकडे काम होतं, म्हणून मीही कॉलेजवर पोचलो. रांग जिन्यापर्यंत होती. मुलीनं सगळे कागद क्रमानं लावून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवले होते. खिडकीवरच्या माणसानं बाकीची पानं भराभर उलटली. दाखल्याशी आल्यावर रकमेवर बोट ठेवलं आणि समोरच्या तक्त्याकडे पाहिलं.

"बसतं," तो म्हणाला. "पण काठावर आहे. पुढच्या वर्षी सांभाळा."

"पुढच्या वर्षी पुन्हा लागते?"

"दरवर्षी नवीन. चारही वर्षं."

त्यानं शिक्का मारला. मुलीनं पावती घेतली आणि पहिल्यांदा आईकडे पाहिलं. ताईंनी तिच्या हातातलं रिकामं पाकीट घेऊन पिशवीत ठेवलं.

आम्ही फाटकाशी आलो तेव्हा ताईंचा फोन वाजला. राळेगावजवळच्या एका जिनिंगवाल्याचा होता. हंगामाआधी गावोगावी लावायचे फ्लेक्स, वजनाच्या पावत्यांची बुकं, फाटकावरची मोठी पाटी, सगळं एकत्र. एवढं मोठं काम ताईंच्या दुकानाला आजवर आलं नव्हतं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाच मिन्टानं सांगते, दादा." फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "हे घेतलं तर पुढच्या वर्षी पोरगी बसते का भाऊ?"

मला बेरीज करता येत नव्हती. कागदाचा खर्च किती होईल, नफा किती राहील, तूर कशी येईल, यातलं काहीच तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हणालो, वकीलसाहेबांना विचारू.

"त्यायले इचारलं तं ते मार्चनंतर सांगतीन."

मुलगी म्हणाली, "आई, नको घेऊ. फीचं पाहू आपण."

"नाही घेतलं तं फ्लेक्स नागपूरवाला करन अन् पुढच्या वर्षी आपल्याले इचारणारबी नाही." ताईंनी काही वेळ रस्त्याकडे पाहिलं. एक रिक्षावाला थांबून बसायचं आहे का, असं खुणेनं विचारत होता. त्यांनी त्याला हातानं नाही म्हटलं आणि जिनिंगवाल्याला फोन लावला.

"हो दादा, करते. आगाऊ पैसे पाठवजा. नाही, हातात नका देऊ, खात्यातच टाका. अन् सरकी, ढेप असं काही बदल्यात देता येते का म्हणून इचारू नका. बिल देते मी."

त्यांनी फोन बंद केला. मुलगी म्हणाली, "आणि नाही बसलो तर?"

"तं कामं करू अजून," ताई म्हणाल्या, पण तिच्याकडे न बघता. मग त्यांनी मला कागद मागितला. माझ्याकडे छपाईवाल्याचं कोटेशन होतं. त्याच्या मागच्या बाजूला त्या तिथंच फाटकाला टेकून कामाचा खर्च लिहू लागल्या: रोल, शाई, गाडीभाडं, आणि चौथ्या ओळीत सॉफ्टवेअर.